टाचण्यांविना जाळी
जांघेतील हर्निया दुरुस्त करताना पोटाच्या कमकुवत भिंतीला आधार म्हणून बसवलेली जाळी टाचण्या मारून न अडकवल्यास सरकतेच, असे एक मत आहे; ते मला सरसकट पटत नाही. पोटाच्या आतल्या पातळ आवरणात न शिरता, त्याच्या बाहेरून केलेल्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत साधारण 10 बाय 15 सेंटीमीटरची जाळी आवरण आणि स्नायूंची भिंत यांच्यामध्ये पसरतात व पोटातील दाबानेच ती जागी राहते. म्हणून 2018 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी मध्यभागाकडील मोठे हर्निया वगळता अशा बहुतेक रुग्णांत टाचण्या अनावश्यक मानल्या आहेत. सोलापुरात यंत्रमागावर काम करणाऱ्या माझ्या थोरल्या भावाच्या वेळी सर्जननी हेच सांगून त्या टाळल्या (बिलही हलके झाले, ते वेगळेच).

टाचण्या मारायच्याच तर जागा महत्त्वाची. जांघेतील आतल्या छिद्राच्या (पोटाच्या भिंतीतून जांघेच्या नळीत उघडणाऱ्या जागेच्या) बाहेरील बाजूस, खालच्या अंगाला मांडीचे मज्जातंतू जातात आणि तिथे टाचणी रुतल्यास चिवट वेदना मागे राहू शकते.