पावडरचे दूध चालू असताना वरचे अन्न कसे सुरू करावे?

प्रश्न: मुलगी सहा महिन्यांची होत आहे आणि जन्मापासून पावडरच्या दुधावर आहे. सासूबाई गूळ घातलेले नाचणीचे सत्त्व सुचवतात. आता गाईचे दूध सुरू करावे का?

उत्तर: वर्ष पूर्ण होईपर्यंत पावडरचेच दूध चालू ठेवावे, कारण गाईच्या दुधात लोह फारच कमी असते. सत्त्व उत्तमच, मात्र गूळ, साखर व मीठ वर्षभर टाळावे; मध तर मुळीच देऊ नये, त्यातून बाळाला बोटुलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो.

उत्तर: सासूबाईंचा सल्ला गुळाखेरीज योग्यच आहे. सुरुवातीला दोन-तीन चमचे पुरेत, पण पेज चमच्यावरून ओघळून जाणार नाही इतकी घट्ट असावी, कारण पातळ पेजेने पोट भरते, पोषण मिळत नाही. पुढे मऊ वरणभात व पूर्ण शिजलेले अंडे द्यावे.

उत्तर: डब्यावरील प्रमाणापेक्षा पाणी कधीही वाढवू नये आणि बाटलीत उरलेले दूध टाकून द्यावे.