गच्चीवरचा दुधी : फुलं भरपूर, पण फळ धरत नाही

गच्चीकरीण_पुणे
नमस्कार मंडळी. संक्रांतीनंतर मोठ्या ड्रममध्ये दुधीच्या बिया लावल्या होत्या, आता पाडवा आला तर वेल मांडवभर झालाय, पांढरी फुलं रोज येतात पण दुधी काही धरत नाही. बारके बारके दिसतात, अंगठ्याएवढे झाले की पिवळे पडून गळतात. शेणखत घातलंय, शिवाय दर आठवड्याला शेंगदाणा पेंडीचं पाणी. शेजारच्या काकू म्हणतात दृष्ट लागली 😄 सकाळी मधमाश्या तुळशीवर असतात, दुधीकडे ढुंकूनही बघत नाहीत. काय करू?

मातीतला_माणूस
ताई, सकाळी बघून उपयोगच नाही, दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं आणि सकाळपर्यंत मलूल होतं. मधमाश्या तेव्हा घरी गेलेल्या असतात, रात्रीचे पतंग यायला हवेत आणि चौथ्या-पाचव्या मजल्यावर ते कितीसे येणार. हाताने करा. नुसत्या लांब देठाचं ते नर फूल, आणि ज्याच्या मागे लव असलेला इवलासा दुधी दिसतो ती मादी. दिवे लागायच्या सुमारास ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मधला पिवळा भाग मादीच्या मध्यावर हलकेच फिरवायचा, बोटाला पिवळी पूड लागली म्हणजे फूल कामाचं आहे. एका नरात दोन-तीन माद्या सहज होतात. फळ धरलं तर दोन-तीन दिवसांत फुगायला लागतं, नाहीतर पिवळं. कारलं आणि काकडी मात्र सकाळी हं, दोडका परत संध्याकाळचा.

वऱ्हाडी_वेल
वरचं बरोबर आहे, पण पेंडीचं पाणी आधी बंद करा न बाप्पा! नायट्रोजन जास्त झाला की नुसता पालाच माजतो. आणि ऊन वाढलं की नर फुलं जास्त, मादी कमी, इकडे नागपुरात एप्रिलमधे तर बघायलाच नको. मुख्य वेलाचा शेंडा खुडा, मादी फुलं बाजूच्या फांद्यांवरच जास्त येतात, मग त्या फांद्यांचेही शेंडे खुडून तिसऱ्या पिढीच्या फांद्या आणल्या की यूट्यूबवाले त्याला थ्रीजी कटिंग म्हणतात. मुळाशी पालापाचोळा जाड पसरा, दुपारी ड्रम तापतो.

मातीतला_माणूस
शेंडा खुडा हे मान्य, पण मांडवभर वेल झाल्यावर सगळीकडे कात्री चालवू नका, आता फक्त नवीन शेंडे. आणि नीम ऑइल मारायचं असेल तर उमललेल्या फुलांवर नको.

गच्चीकरीण_पुणे
काल संध्याकाळी सातला टॉर्च घेऊन गेले, खरंच सगळी फुलं उघडी! चार माद्यांना लावलंय. एका जुन्या बारक्या दुधीवर टाचणी टोचल्यासारखं छिद्र आहे आणि डिंकासारखं काहीतरी आलंय, ते काय?

वऱ्हाडी_वेल
फळमाशी. आत अळ्या असतील, तोडा आणि कंपोस्टमधे अजिबात टाकू नका, कोष मातीतच करते ती. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून उन्हात ठेवा दोनचार दिवस. सापळा आणायला गेलात तर आंब्याच्या फळमाशीचा देतील, तो मिथाईल युजेनॉल नावाच्या वासाचा, इथे उपयोगाचा नाही, वेलांसाठी क्यूल्युअर वासाचा मागा. त्यातही फक्त नर सापडतात, म्हणून नवीन फळं धरली की लगेच जुन्या ओढणीच्या कापडाची सैल पिशवी बांधून टाका.