शेंगदाणा चटणी पाऊचमधी खवट का होतीय?

औसा_बचतगट: आमच्या गटाची शेंगदाणा चटणी लातूरच्या दुकानांत जाते. ५० मायक्रॉनचं साधं पॉलिथीन पाऊच आहे. हिवाळ्यात काही त्रास नाही पण उन्हाळा लागला की महिन्याभरात खवट वास येतो, दोन दुकानदारांनी माल परत केला, लई लागलं हो बायांच्या मनाला. चटणी कोरडी खडखडीत, बुरशी नाही, म्हणून वाटलं पाऊच पातळ असंल, १०० मायक्रॉनचं आणलं तरी तेच.

परभणीकर: ताई, घोळ इथंच होतो. पॉलिथीन ओलावा अडवतं म्हणून चटणी कोरडी राहिली, पण ऑक्सिजन त्यातून आरामात आत जातो आणि शेंगदाण्याचं तेल त्यानंच खवट होतं. २५ मायक्रॉन पॉलिथीनमधून चौरस मीटरला दिवसाकाठी सात-आठ हजार सीसी ऑक्सिजन जातो, १२ मायक्रॉन पॉलिस्टरमधून शंभराच्या आसपास, त्याच पॉलिस्टरवर ॲल्युमिनियमचा मुलामा दिला की साधारण एक. जाडी दुप्पट केली तर फार तर निम्मा होईल, हजाराचा एक कसा होणार? आणि उष्णता वाढली की झिरपणं बी वाढतं, तेल बी लवकर बिघडतं.

वाळूज_लाईन: बरोबर. बाहेर पॉलिस्टर, मधी मेटपेट (म्हंजे तेच ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेलं पॉलिस्टर), आत पॉलिथीन असं तीन थरी लॅमिनेट मागा. सील आतल्या पॉलिथीननंच होतं. पण पाऊच चुरगाळलं की मुलाम्याला बारीक तडे जातात, खोक्यात कोंबू नका. आणि सीलच्या पट्टीत चटणी अडकली तर कितीबी भारी फिल्म घ्या, सगळं वाया. पाण्यात बुडवून दाबून बघा, बुडबुडे आले की समजा.

औसा_बचतगट: पण दादा गिऱ्हाईकाला चटणी दिसली पाहिजे की.

परभणीकर: मग ईव्हीओएच म्हंजे ऑक्सिजन अडवणाऱ्या प्लास्टिकचा थर असलेली पारदर्शक फिल्म येते. तो थर ओल धरली की ढिला पडतो म्हणून दोन्हीकडून पॉलिथीनमधी दाबलेला असतो. पण उजेडानं बी तेल खवट होतं, दुकानाच्या दारात माळ लटकवली की संपलं. मी म्हणतो मागची बाजू मेटपेट, पुढं छोटी खिडकी. भरताना आत राहिलेली हवा बी बघा, तिच्यात २१ टक्के ऑक्सिजन असतो, जमलं तर नायट्रोजन मारून घ्या. परभणीच्या अन्नतंत्र महाविद्यालयात नमुना घेऊन जा, विचारा.

औसा_बचतगट: नायट्रोजनचं मशीन आत्ता झेपत नाही. दोन्ही फिल्मची शंभर-शंभर पाऊचं भरते, आमच्या पत्र्याच्या खोलीत जूनपर्यंत ठेवते, दर आठवड्याला एकेक फोडून वास घेते आन इथंच सांगते.