मदत हवी आहे: जुन्या क्वालिसचा टायमिंग बेल्ट

नमस्कार मंडळी. मामांची २००४ची डिझेल क्वालिस आता माझ्याकडे येतेय. टोयोटा-किर्लोस्करने बिडदीच्या कारखान्यातून २००० साली काढलेली ही पहिली गाडी, मुळात इंडोनेशियाची किजांग. दिसायला पत्र्याची पेटी, तरी मला आवडते! चांगली खपत असताना २००५मध्ये इनोव्हासाठी बंद केली, हे काही पटलं नाही.

इंजिन पहिल्या सेल्फला उठतं. पण टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, वेळेवर उघडणारा-मिटवणारा पट्टा) कधी बदललाय, याची नोंद सर्व्हिस बुकात नाही. किलोमीटर दोन लाखांच्या वर. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्हची वाट लागेल. तो बदलताना टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि ऑइल सीलही घ्यावेत का? पुण्यात ओरिजिनल पार्ट कुठे मिळतील? वापरलेल्यांनी जरूर सांगा. रीपासिंगचा (जुन्या गाडीच्या नोंदणीच्या नूतनीकरणाचा) अनुभव असेल तर तोही लिहा.