होम थिएटरच्या खोलीचं दार: पडद्याशेजारी की पाठीमागे?

माडीवरचा

नाशिकला आमचं रो-हाऊस आहे. वरच्या मजल्यावरची १६ बाय ११ ची खोली होम थिएटरसाठी मोकळी केली आहे, उंची १० फूट. ११ फुटी भिंतीवर १०० इंची पडदा येणार. सगळं घोडं अडलंय ते दारापाशी. सध्याचं दार १६ फुटी भिंतीत, पडद्याच्या कोपऱ्याला जवळजवळ लागून आहे. भिंत साडेचार इंची विटेची, दोन्ही बाजूंनी गिलावा. दाराबाहेर जिन्याचं लँडिंग, आणि जिना उतरला की आई-बाबांची झोपायची खोली.

माझं मत सरळ आहे. हे दार बुजवावं आणि त्याच भिंतीत मागच्या कोपऱ्याकडे नवं काढावं. पडद्याशेजारी दार असलं की मध्येच आत येणारा प्रत्येक जण चित्रासमोरून जातो, आणि दार किलकिलं झालं तरी लँडिंगवरचा दिवा पडद्यावर पडून काळा रंग राखाडी दिसतो. दुसरं म्हणजे डावा आणि उजवा स्पीकर. एकाच्या बाजूला भिंत आणि दुसऱ्याच्या बाजूला पोकळ दार असेल तर दोन्हीकडचा आवाज सारखा येत नाही.

सोफा पडद्यापासून १० फुटांवर ठेवणार. १०० इंची पडदा सव्वासात फूट रुंद असतो, १० फुटांवरून तो ४० अंशांत दिसतो. याहून मागे सरकलं की मोठ्या टीव्हीत आणि त्यात फारसा फरक राहत नाही.

आणि दार जड हवं. बाजारातलं पोकळ फ्लश डोअर २० डेसिबलच्या आसपास आवाज अडवतं, आमची भिंत ४२ च्या आसपास. हिशोब केला तर दोन्ही मिळून त्या बाजूचा अडसर जेमतेम २९ पडतो. म्हणजे भिंत कितीही चांगली असो, किंमत दाराचीच. दार ३० चं केलं की तोच आकडा ३७ वर जातो. वास्तुविशारद म्हणतात एवढी तोडफोड कशाला. तुम्ही काय म्हणता?

वाड्यातला

मी पूर्ण विरोधात आहे. दार आहे तिथेच ठेवा.

१६ फूट लांबीची खोली आणि तुम्ही एकाच रांगेत तिघांना बसवणार? आमच्याकडे दिवाळीत, मे महिन्यात घर भरलेलं असतं. घरात थिएटर करायचं ते सगळ्यांनी मिळून बघण्यासाठी. मागे एक फुटाचा ओटा करून दुसरी रांग घ्या, सहा-सात जण आरामात बसतील. तुमचं नवं दार नेमकं त्या ओट्यावर येतंय. पुढचं दार ठेवलं तर अख्खी मागची भिंत मोकळी मिळते. सिनेमा सुरू असताना लोक फार ये-जा करत नाहीत, आणि लँडिंगच्या दिव्याचं बटण बंद करता येतं. त्यासाठी भिंत फोडायची?

खर्जातला

वाड्यातला, दुसऱ्या रांगेत बसणाऱ्यांना काय ऐकू येणार याचा विचार केलात का?

सोळा फुटांच्या लांबीत ३५ हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकून घुमतो. भिंतीलगत तो फुगतो आणि खोलीच्या बरोब्बर मध्यावर, म्हणजे ८ फुटांवर, जवळजवळ नाहीसा होतो. तुमच्या ओट्यावरच्या रांगेची डोकी मागच्या भिंतीला टेकणार. तिथे प्रत्येक स्फोट, प्रत्येक ढोल गुरगुरत राहील आणि संवाद त्याखाली दबतील. सराउंड स्पीकरही, म्हणजे बाजूने-मागून आवाज देणारे, त्यांच्या पुढे येतील, म्हणजे मागचा आवाज त्यांना पुढून ऐकू येणार. रिक्लायनर पूर्ण उघडला की साडेपाच फूट खातो, त्यामुळे रांग पुढे सरकवायलाही जागा नाही. माडीवरच्यांनी १० फूट धरलेत ते लांबीच्या साधारण ६२ टक्क्यांवर येतं. मध्यही टळतो, भिंतही टळते. तेच ठेवा.

पाहुण्यांसाठी सोफ्यापुढे गाद्या घाला, लोड-तक्के द्या. जमिनीवर बसलेल्यांची डोकी खाली राहतात, मागच्यांना आडवी येत नाहीत, ओटाही लागत नाही. पोरं तर तिथेच लोळणार.

पण दाराबद्दल मी माडीवरच्यांच्याही विरोधात आहे. तुम्ही जे २० आणि ३० चे आकडे देताय ते एसटीसीचे, म्हणजे भिंत किंवा दार किती आवाज अडवतं याच्या प्रमाणित मोजणीचे, आणि ती मोजणी १२५ हर्ट्झच्या खाली जातच नाही. सबवूफरचं, म्हणजे खर्जाच्या स्पीकरचं, खरं काम ३० ते ८० हर्ट्झमध्ये. तो आवाज स्लॅबमधून आणि बीममधून खाली उतरणार आहे, आणि आई-बाबांची झोप मोडणार ती त्यानेच. भारी दारावर पैसे घालण्यापेक्षा सबवूफर जमिनीपासून सुटा करा. खाली जाड रबर किंवा स्प्रिंगचे पाय द्या, खोलीत फिरवून त्याची जागा नीट शोधा, आणि रात्री दहानंतर तो कमी करा.

टोरांटोकर

इकडे आम्ही बेसमेंटमध्ये खोली केली. भिंतीला दुहेरी जिप्सम, मध्ये आवाज शोषणारी खनिज लोकर, भरीव लाकडी दार, आणि सांगाडा मूळ घराच्या सांगाड्यापासून वेगळा. माझं म्हणणं असं की नुसतं दार बदलून थांबू नका. खोलीच्या आत दुसरी खोली उभी करा, म्हणजे खर्जातल्यांनी सांगितलेला खालचा सूरही बराच अडतो.

सुतारपक्षी

टोरांटोकर, तुमच्याकडचा उपाय तुमच्या घरासाठी बरोबर आहे. तिकडे लाकडी सांगाड्यावर जिप्समच्या हलक्या भिंती असतात, त्यांना वजन द्यावंच लागतं. इथे वीट आणि गिलावा आधीच जड आहे. ११ फुटांच्या खोलीत चारी बाजूंनी आतून दुसरी भिंत उभी केली की दोन्हीकडून मिळून रुंदीतला पाऊण ते एक फूट जातो. नाशिकच्या त्या खोलीला ते परवडणार नाही.

मी सांगलीत लाकूडकाम करतो आणि दाराच्या बाजूने बोलणार आहे, पण मुद्दा जरा वेगळा आहे. लोक जड दार घेतात आणि खाली अर्ध्या इंचाची फट तशीच ठेवतात. तीन फुटी दाराखाली अर्धा इंच फट म्हणजे १८ चौरस इंच, सात फुटी दाराच्या क्षेत्रफळाच्या ०.६ टक्के. एवढ्यानेच ते दार २२ डेसिबलच्या वर जात नाही, मग ते सागाचं असो की शिशाचं. भरीव फ्लश डोअर ३५ ते ४० मिलिमीटरचं घ्या, वजन चाळीसेक किलोच्या घरात जातं, म्हणून तीनऐवजी चार बिजागऱ्या आणि त्या बेअरिंगच्या. चौकटीच्या खाचेत तिन्ही बाजूंनी ईपीडीएम रबराची पट्टी. खाली ड्रॉप सील, म्हणजे दाराच्या तळात बसणारी पट्टी जी दार मिटताना बिजागरीकडचं बटण दाबलं गेलं की आपोआप खाली उतरते. आणि कुलूप असं की जे दाराला रबरावर ओढून धरेल. नुसत्या चाकावर अडकणारा रोलर कॅच लावलात तर रबर दार परत ढकलणार.

एक जागा सगळेच विसरतात. चौकट आणि वीट यांच्यामधली पोकळी. होल्डफास्ट, म्हणजे चौकट विटेत धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या, मारतात, वरून पट्टी ठोकून झाकतात, आणि आत बोटभर रिकामं राहतं. पट्टी लावण्याआधी ते माल भरून, कडेने सीलंट मारून बंद करून घ्या. मग रात्री आत टॉर्च लावायचा, बाहेरचे दिवे घालवायचे आणि चौकटीकडे बघायचं. जिथून उजेडाची रेघ दिसते तिथून आवाज जातो. रबरात कागद धरून दार लावा, कागद सहज निघाला तर तिथली पट्टी दबत नाहीये.

भिंत फोडायची असेल तर घर आरसीसीचं आहे आणि ती भिंत नुसती पडदी आहे, घराचं वजन पेलत नाही, याची आधी इंजिनिअरकडून खात्री करा. नव्या दारावर लिंटेल, म्हणजे वरची वीट पेलणारी आडवी तुळई, घालायचाच. वीट हवेत राहत नाही.

माडीवरचा

खर्जातला, सबवूफरखाली रबर घालणारच आहे. पण आईला सिनेमाचे संवाद शब्दन्‌शब्द खाली ऐकू येतात, हीसुद्धा तक्रार तेवढीच खरी आहे. संवाद काही स्लॅबमधून जात नाहीत, ते जिन्यातून उतरतात. त्याला दारच उपाय आहे. दोन्ही कामं करायची, एक सोडून दुसरं नाही.

वाड्यातला, खर्जातल्यांची गाद्यांची सूचना मला पटली आहे. दुसरी रांग नको.

ओटीवरची

इतका वेळ सगळे आवाज बाहेर कसा जाणार नाही याबद्दलच बोलताहेत. आत बसलेल्या माणसांचं काय?

खिडकी बंद, दार रबराने सीलबंद, वर स्प्लिट एसी. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, आतलीच गार करून फिरवतो. खोलीत १७६० घनफूट हवा आहे. आठ माणसं नुसती बसून असली तरी हवाबंद खोलीत तासाभरात कार्बन डायऑक्साइड जवळपास ३००० पीपीएमने (हवेच्या दहा लाख भागांत ३००० भागांनी) वाढतो. बाहेरच्या हवेत तो ४२० च्या आसपास असतो. अडीच तासांच्या सिनेमात मध्यंतरानंतर डोकी जड होतात, जांभया येतात, आणि लोक म्हणतात सिनेमा कंटाळवाणा होता. माझ्या सासूबाईंना दमा आहे, अशा खोलीत मी त्यांना बसवणार नाही.

आणि टोरांटोचं बेसमेंट वेगळं, नाशिकचा पावसाळा वेगळा. जुलैत दारं फुगतात. रबरावर घट्ट बसवलेलं जड दार फुगलं की ते सत्तरीच्या बाईला उघडतं का, हे कोणी बघितलंय? माझं मत ऐका. मागच्या बाजूला दार काढायचं तर काढा, पण रुंद, दोन पाखांचं, हलकं काढा. सिनेमा चालू असताना एक पाखं उघडं राहू द्या. आवाज कमी ठेवा. घरातल्या बाकीच्यांना तुमचा सिनेमा ऐकू येतो म्हणून त्या खोलीला तिजोरी करायची गरज नाही.

सुतारपक्षी

ताई, हवेचा मुद्दा शंभर टक्के खरा. पण त्यासाठी दार उघडं ठेवायला नको. हवेच्या नळीतच बसणारा इनलाइन पंखा आणि आतून ग्लासवूल लावलेला, दोन वळणं घेतलेला डक्ट करा. हवा वळते, आवाज त्या वळणांत मरतो. एक आत आणणारा, एक बाहेर काढणारा. फॉल्स सिलिंग होण्याआधी हे ठरवायला हवं, नंतर जागा मिळत नाही.

दोन पाखांच्या दाराला मात्र माझा विरोध आहे. मधल्या सांध्याला सील धरत नाही, दोन वर्षांत पाखं लोंबतात. फुगण्याचं म्हणाल तर वॉटरप्रूफ ग्रेडचं दार घ्या आणि सहाही बाजूंनी, वरची आणि खालची कड धरून, पॉलिश किंवा रंग द्या. कारागीर खालची कड कोरडी सोडतात आणि पाणी तिथूनच शिरतं. दार मार्च-एप्रिलमध्ये घासून बसवू नका, पावसाला थोडी जागा ठेवा. ती जागा रबर भरून काढतं.

वाड्यातला

ताईंच्या बाजूने एक भर घालतो. दार उघडणार कुठे? आत उघडलं तर सराउंड स्पीकरवर आपटेल. बाहेर उघडलं तर लँडिंगवर. जिना चढून वर आलेल्या माणसाच्या तोंडावर चाळीस किलोचं दार! पुढचं दार आहे तिथे ठेवा म्हणतो ते यासाठीही.

माडीवरचा

मोजून पाहिलं. सराउंड कानाच्या थोडा मागे, पडद्याच्या भिंतीपासून साधारण ११ फुटांवर येतो. दार साडेबारा ते साडेपंधरा फुटांमध्ये बसतं आणि आत, मागच्या भिंतीकडे उघडतं. स्पीकरला धक्का लागत नाही. ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर, आणि वर छतात दोन, एवढ्यावर थांबलो तर दारामुळे काहीही अडत नाही. मागच्या भिंतीवरचे आणखी दोन स्पीकर मी सोडून देतो. त्या अंतरात त्यांचा फरक कानाला फारसा कळणार नाही.

उंबऱ्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. एकाने मला एक इंचाचा लाकडी उंबरा सुचवला होता, सील चांगलं बसतं म्हणून. बाबा वॉकर घेऊन चालतात. उंबरा होणार नाही.

खर्जातला

मग ड्रॉप सीलखाली गालिचा येऊ देऊ नका. गालिच्यातून आवाज आरामात जातो. दाराच्या बरोबर खाली फरशीच्या पातळीत ग्रॅनाइटची पट्टी टाका आणि गालिचा तिच्या अलीकडे संपवा. दाराबद्दल माझं मत अजून तेच आहे. आधी सबवूफर लावा, खाली आई-बाबांच्या खोलीत जाऊन ऐका, आणि मग ठरवा भिंत फोडायची की नाही. तुम्ही उलट क्रमाने चालला आहात.

ओटीवरची

पंखा आणि डक्ट होणार असेल तर बंद दाराला माझी तेवढी हरकत नाही. तो खर्च "नंतर बघू" मध्ये गेला तर मात्र हरकत आहे, कारण तो नेहमी तिथेच जातो. कडीबद्दलही मी मागे हटणार नाही. बाहेरून टॉवर बोल्ट लावायचा नाही, आणि आतलं कुलूप किल्लीशिवाय, नुसता दांडा दाबून, अंधारात लहान मुलालाही उघडता आलं पाहिजे. आतून हाक मारली तर बाहेर ऐकू जाणार नाही अशी खोली तुम्ही मुद्दाम बांधताय.