फौजी ट्रकात नवं इंजिन बसवलं, तर त्याला 'रिस्टोअर केला' म्हणायचं का?

डबलक्लच

अमेरिकन टीव्हीवरचे विनोदवीर जे लेनो यांच्या जुन्या गाड्यांच्या कार्यक्रमात डॉज पॉवर वॅगन या ट्रकवर एक भाग झाला होता. परवा तो पुन्हा पाहिला आणि पहिल्या वेळी जे खटकलं होतं तेच पुन्हा खटकलं, म्हणून हा धागा.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धात डॉजने अमेरिकी सैन्यासाठी 'डब्ल्यूसी' मालिकेचे ट्रक बनवले, तीन लाखांहून जास्त. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये त्यातल्याच पाऊण टनी फौजी ट्रकाचा साचा घेऊन, त्यावर जरा मोठा हौदा टाकून, कंपनीने तो सर्वसामान्य गिऱ्हाइकाला विकायला काढला. तोच पॉवर वॅगन. चारही चाकांना जोर, पुढे विंच, आणि बॉनेटखाली ३.८ लिटरचं सहा सिलिंडरचं फ्लॅटहेड इंजिन, ९४ हॉर्सपॉवरचं. व्हॉल्व्ह बाजूला ब्लॉकमध्येच, वर नुसतं झाकण. ताशी ८० किलोमीटरला गाडी सांगायला लागते की आता पुरे. सुरुवातीच्या गिअरबॉक्सला सिंक्रो, म्हणजे गिअरचे वेग आपोआप जुळवणारी सोय, नव्हता; म्हणून प्रत्येक गिअरला डबल क्लच, म्हणजे क्लच दोनदा दाबायचा. स्टार्टर पायाने दाबायचा.

कार्यक्रमातल्या गाडीत यातलं काय उरलंय? पत्रा. खाली आधुनिक व्ही-८ (आठ सिलिंडरचं इंजिन), फ्युएल इंजेक्शन, डिस्क ब्रेक, पॉवर स्टिअरिंग. काम अतिशय सुंदर आहे, वेल्डिंगच्या रेषेवरून हात फिरवावा इतकं सुंदर. पण अशा गाडीला सगळे 'रिस्टोअर केलेला फौजी ट्रक' म्हणतात, तिथे माझा आक्षेप आहे. ती नवी गाडी आहे, जुन्याचा अंगरखा घातलेली.

माझे वडील फौजेत ड्रायव्हर होते, शक्तिमान ट्रकवर. ते गाडी चालवताना डोळे रस्त्यावर आणि कान इंजिनावर ठेवायचे. चढ लागायच्या आधीच त्यांचा डावा पाय दोनदा खाली-वर व्हायचा, पोटातलं पाणी न हलता गिअर पडायचा. जुना ट्रक जपायचा तो या माणसांसाठी. त्यांना काय ऐकू यायचं, काय जड जायचं, कुठे घाम फुटायचा, ते त्या यंत्रात असतं. यंत्रच काढून टाकलंत तर जपलं काय?

घाटउतार

पूर्ण असहमत, आणि कारण एकच सांगतो. ब्रेक.

त्या काळच्या गाड्यांना ब्रेकचं एकच सर्किट असायचं. ब्रेकचं तेल दाबणारा एक मास्टर सिलिंडर, एक लाइन, चारही चाकांचे ड्रम त्यावर. एका चाकाचं कप-वॉशर गेलं किंवा पाइपला चीर पडली की चारही चाकांचे ब्रेक एकदम गेले. मी हे पुस्तकात वाचून लिहीत नाही. आमच्या घरी माल वाहायला एक जुनी डिस्पोजलची, म्हणजे फौजेनं विकून टाकलेली, गाडी होती. मी सातवीत असताना खंबाटकी उतरताना काकांचा पाय पॅडलवरून थेट फळीला लागला. मी शेजारी बसलो होतो. त्यांनी पंप मारून पाहिला, काही नाही. मग त्यांनी गाडी डोंगराच्या अंगाला घासत नेली. दगडाला पत्रा घासल्याचा तो आवाज मला आजही नको वाटतो. गाडी थांबली तेव्हा काकांच्या हातातून स्टिअरिंग सुटेना, बोटं एकेक करून सोडवावी लागली.

आजच्या हायवेवर समोरचा ट्रेलर एअरब्रेकवर जागच्या जागी थांबतो. मागे ८० वर्षांपूर्वीच्या ड्रमवर तुम्ही. जुनं जपायचं म्हणून बायकापोरांना त्यात बसवाल? मी बसवणार नाही.

अंजली_नगरकर

काकांचा प्रसंग वाचून हात गार पडले. पण ब्रेक बदलणं आणि इंजिन बदलणं या एकाच पारड्यात टाकायच्या गोष्टी नाहीत.

मी नगरची. आमच्याकडे रणगाड्यांचं संग्रहालय आहे, १९९४ पासूनचं. लहानपणापासून किती वेळा गेले असेन, मोजलं नाही. तिथल्या उघड्यावरच्या रणगाड्यांवर शाळेच्या सहली चढतात-उतरतात. त्यातले बहुतेक रणगाडे आता चालत नाहीत, पण त्यांना कुणी नवं इंजिन घालून फिरवलेलंही नाही. पोलादावर हात ठेवला की जे आहे ते खरं आहे एवढी खात्री असते. मला तेवढं पुरतं.

जोंगावाला_कराड

माझ्याकडे जोंगा आहे, त्यामुळे मी या धाग्यातला आरोपी आहे असं समजा, आणि आरोपीचं म्हणणंही ऐकून घ्या.

जोंगा म्हणजे जबलपूरच्या कारखान्यात 'निसान पॅट्रोल' या जपानी गाडीवरून बनलेली फौजी गाडी. मूळचं इंजिन सहा सिलिंडरचं, जवळपास चार लिटरचं पेट्रोल. फौजेला पेट्रोल डेपोतून मिळत होतं, मला पंपावरून घ्यावं लागतं. लिटरला चार किलोमीटर गेली तर त्या दिवशी गाडी खूश आहे असं समजायचं. पेट्रोल शंभरीपार. कराडहून पाटणला जाऊन यायचं तर दीड-दोन हजार रुपये जाळायचे. माझ्या आधीच्या मालकानं डिझेल इंजिन बसवलं, आरटीओत जाऊन आरसीवर चढवून घेतलं, आणि म्हणून ती गाडी आज जिवंत आहे. तिच्याबरोबर लिलावात गेलेल्या बाकीच्या गाड्या भंगारवाल्यानं गॅस कटरनं कापल्या. त्या शंभर टक्के ओरिजिनल होत्या. ओरिजिनलच कापल्या गेल्या.

लेनोच्या कार्यक्रमातल्या त्या माणसांवर राग काढताना हे लक्षात घ्या. शेतात गंजत पडलेला सांगाडा कुणीतरी उचलला, त्यात जीव ओतला. तसंच्या तसं ठेवा म्हणणाऱ्यांनी किती सांगाडे उचलले?

डबलक्लच

घाटउतार, ब्रेकच्या बाबतीत मी हरलो असं लिहून देतो. दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर टाकावा, सीटबेल्ट लावावेत, यावर माझा काही वाद नाही.

जोंगावाला, तुमची गाडी तुम्ही वापरता, तिला तुम्ही 'डिझेल जोंगा' म्हणता. त्यात लपवालपवी नाही. माझा राग शब्दावर आहे. रिस्टोअर म्हणजे पूर्ववत. ४०० हॉर्सपॉवरची गाडी पूर्ववत कशी? तो शब्द अशा गाडीला लावला की खरंच फ्लॅटहेड उघडून, व्हॉल्व्ह सीट घासून, बेअरिंग जुळवत महिनोन्महिने बसणाऱ्या माणसाच्या कामाला नाव उरत नाही. टीव्हीवर ते काम दिसतही नाही. चाळीस मिनिटांत बेअरिंग जुळवताना काय दाखवणार? व्ही-८ चा आवाज दाखवता येतो.

निवृत्त_फिटर

मी ईएमईत, म्हणजे फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत, बावीस वर्षं काढली. बराच वेळ वाचत होतो, आता राहवत नाही.

डबलक्लच, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. पण तुम्ही ज्याला मूळ गाडी म्हणता तशी गाडी फौजेत नसतेच. वर्कशॉपला गाडी आली, इंजिन उतरवलं, ते दुरुस्तीच्या रांगेत गेलं. गाडीला मात्र आम्ही तयार असलेलं दुसरं इंजिन चढवून मोकळी करायचो, कारण तिकडे फौजेची तुकडी वाट बघत असते. ते दुसरं इंजिन कुठल्या गाडीचं होतं हे रजिस्टरात असेल, गाडीला त्याचं काही नाही. पुढचा अ‍ॅक्सल एका गाडीचा, रेडिएटर दुसरीचा, दरवाजा तिसरीचा. सुटा भाग नसला तर आम्ही लेथवर बनवला. स्प्रिंगचा पाटा तुटला तर लाकडाचा ठोकळा आणि दोर बांधून गाडी खाली आणलेली मी पाहिली आहे, मी स्वतः बांधलेला आहे. फौजी गाडीचा धर्म एकच, पोहोचणं. जी पोहोचत नाही ती ओरिजिनल असून उपयोग नाही.

तुम्ही गाडीला देवघरातल्या मूर्तीसारखं ठेवू पाहता. ती बैलासारखी होती हो. बैलाला आपण नाल बदलतो, येसण बदलतो.

मिशिगनकर

फिटरसाहेबांच्या बोलण्याला इकडून दुजोरा. डेट्रॉईटजवळ राहतो, डॉजचा ट्रकचा जो कारखाना १९३८ मध्ये सुरू झाला तो इथलाच. इकडे लष्करी वाहनं जपणाऱ्यांची मोठी संघटना आहे, तिच्या स्पर्धेत दोन वेगळे वर्ग असतात. एक, कारखान्यातून बाहेर पडली तशी गाडी. दुसरा 'मोटर पूल' वर्ग, म्हणजे सैन्यात वापरात असताना होती तशी, युनिटनं केलेल्या दुरुस्त्यांसकट. दुसऱ्या वर्गातल्या गाड्या मला जास्त आवडतात.

आणि ड्रायव्हरांचंच म्हणाल, तर १९४४ चं बघा. नॉर्मंडीनंतर आघाडी पुढे सरकली आणि रसद मागे राहिली, तेव्हा ऑगस्ट ते नोव्हेंबर फ्रान्समध्ये 'रेड बॉल एक्सप्रेस' चालली. जीएमसीचे अडीच टनी ट्रक रात्रंदिवस. ड्रायव्हरांत चारातले तीन जण कृष्णवर्णीय अमेरिकन, ज्यांना त्याच सैन्यात गोऱ्यांच्या बरोबरीनं बसायची मुभा नव्हती. वेगमर्यादा ताशी २५ मैल होती आणि इंजिनाला गव्हर्नर, म्हणजे वेग वाढू न देणारे भाग, लावलेले होते. पोरांनी ते गव्हर्नर काढून टाकले आणि ट्रक पिटाळले. आज तो ट्रक 'मूळ स्थितीत' ठेवायचा तर गव्हर्नर लावायचा की काढायचा? मी म्हणेन काढायचा. त्या पोरांची सही तीच आहे.

डबलक्लच

गव्हर्नरचं उदाहरण मला पार आतपर्यंत लागलं. मी काढायचा म्हणेन, तुमच्यासारखंच.

पण बघा, ते माझ्याच बाजूनं जातं. गव्हर्नर काढला तो त्या गाडीच्या ड्रायव्हरानं, त्या कामासाठी, त्या रात्री. फिटरसाहेबांनी दुसरं इंजिन चढवलं ते त्याच जातीचं, गाडी पुन्हा त्याच कामाला जावी म्हणून. या दोन्ही गोष्टी गाडीच्या आयुष्यात घडल्या. ८० वर्षांनी कुणा हौशी श्रीमंतासाठी बसवलेली व्ही-८ तिच्या आयुष्यातली नाही.

घाटउतार

का नाही? गाडीचं आयुष्य १९४५ ला संपलं का? माझ्या काकांनी ती गाडी त्यानंतर अनेक वर्षं चालवली, कांदा वाहिला, उसाचं बेणं वाहिलं, दोन लग्नांची वऱ्हाडं वाहिली. फौजेतली वर्षं तेवढी खरी आणि आमची खोटी, हे मला मान्य नाही.

अंजली_नगरकर

कायद्याकडेही बघा, इथे कुणी काढलं नाही म्हणून लिहिते. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, आणि मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला असेल तर त्या नोंदणीत बसत नाही. नोंदणीचे २०,००० रुपये आणि नंबरात 'व्हीए' अक्षरं. म्हणजे तो कार्यक्रमातला पॉवर वॅगन भारतात असता तर व्हिंटेज ठरला नसता. सरकारी व्याख्या डबलक्लच यांच्या बाजूची आहे.

मला मात्र यात एक अडचण दिसते. फिटरसाहेबांसारख्या हातांनी बदललेली गाडी कागदावर कशी सिद्ध करायची? इंजिन नंबर जुळणार नाहीत, आणि ते न जुळणं हाच तिचा खरा इतिहास असेल.

जोंगावाला_कराड

एक गोष्ट सांगतो, वादाच्या बाहेरची आहे की आतली ते ठरवा.

मागच्या दिवाळीत गाडी रंगवायला काढली. बॉनेटवर लांबीचा (पुट्टीचा) जाड थर होता. ८० नंबरच्या पॉलिशपेपरनं हातानंच घासत होतो, मशीन लावलं नव्हतं. वरचा हिरवा गेला, खाली दुसरा हिरवा, जरा काळपट. त्याच्या खाली तिसरा. आणि मग डाव्या बाजूला पांढरं काहीतरी दिसायला लागलं. आधी वाटलं प्रायमर आहे. पेपर ठेवला, ओल्या फडक्यानं पुसलं, तर बाण. फौजी नंबराच्या आधी असतो तो, वर तोंड केलेला बाण. मग ७४, मग अर्धं अक्षर. स्टेन्सिल जरा तिरकं लागलेलं, रंग एका कडेला ओघळलेला. कुणीतरी घाईत मारलेलं.

पेंटर म्हणाला, साहेब हे घासू की राहू दे, घासल्याशिवाय फिनिश येणार नाही. मी त्याला घरी पाठवलं. तेवढी जागा वीतभर चौकोन तशीच ठेवून बाकी गाडी रंगवली, वर क्लिअर कोट मारला. गावातले लोक विचारतात, एवढा खर्च केला आणि हे डाग का ठेवले?

मला डिझेल इंजिन चालतं. पण ते पांढरे आकडे घासायला माझा हात झाला नाही. का, ते मला नीट सांगता येत नाही.

निवृत्त_फिटर

तिरकं स्टेन्सिल म्हणजे एकानं धरलं आणि दुसऱ्यानं मारलं नाही, एकट्यानं दोन्ही केलं. आम्ही करायचो असं. बरं केलंत ठेवलंत.

डबलक्लच

जोंगावाला, तुमच्याशी माझा वाद इथे मिटला. इंजिनाबद्दल नाही मिटला, तुमच्याशी मिटला.

एकच विचारतो. आधीच्या मालकानं काढलेलं ते पेट्रोल इंजिन कुठे आहे?

जोंगावाला_कराड

त्यांच्या गोठ्यात, पोत्याखाली. मागच्या महिन्यातच पाहिलं. बोअरमध्ये पाणी गेलेलं नाही, त्यांनी स्पार्क प्लगच्या भोकांत तेल सोडून लाकडाच्या खुंट्या ठोकल्या आहेत. किलोच्या भावानं द्यायला तयार आहेत.

डबलक्लच

भंगारवाला यायच्या आत आणा. टेम्पोचं भाडं अर्धं माझं. आणि फिटरसाहेब, तुम्ही कराडपासून किती लांब आहात?