यजमानांची वारीतील सेवा आणि तळपायाची जखम

प्रश्न : माझ्या यजमानांना १४ वर्षांपासून मधुमेह आहे आणि निवृत्तीनंतर ते दरवर्षी आळंदी ते पंढरपूर चालत, मुक्कामी वारकऱ्यांच्या पायांना तेल चोळण्याची सेवा करतात. परवा त्यांचे मोजे धुवायला घेतले, तेव्हा त्यांवर वाळलेला रक्ताचा डाग दिसला. तळपायाला रुपयाएवढी जखम होती आणि त्यांना तिचा पत्ताच नव्हता. यंदा जाऊ नका म्हटल्यापासून त्यांनी अबोला धरला आहे. त्यांचे मन न मोडता कसे समजवावे?

उत्तर १ : ताई, जखम दुखत नाही हीच काळजीची गोष्ट आहे. दीर्घकाळच्या मधुमेहात पायांच्या नसांची संवेदना कमी होते आणि रक्तपुरवठाही मंदावला असेल, तर लहानशी जखम चिघळू शकते. समजूत नंतर काढा, आधी आजच डॉक्टरांना दाखवा. जखम भरेपर्यंत त्या पायावर भार पडू देऊ नये, त्यामुळे यंदा चालणे मला योग्य वाटत नाही.

उत्तर २ : माझ्या वडिलांच्या बाबतीत असेच झाले होते. आईने ‘जाऊ नका’ म्हणणे सोडून पालखीच्या पुण्यातील मुक्कामी औषधवाटपाच्या टेबलाशी, बसून नोंदी ठेवण्याचे काम त्यांच्यासाठी मागून घेतले. सेवा सुटली नाही म्हटल्यावर त्यांचा राग निवळला.

प्रश्नकर्ती : मनापासून आभार. काल डॉक्टरांकडे जाऊन आलो. आज सकाळी ते स्वतःहून आरसा घेऊन तळपाय पाहत बसले होते. नोंदींच्या कामाविषयी संध्याकाळी विचारणार आहे.